दोर तपासायचा नसतो

आदाम गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण बाराच्या आतच मांडलं, कारण उन्हं कलायच्या आधी सगळ्यांना जंगलातल्या पाइनाच्या झाडापाशी पोचायचं होतं. उस्तीन्याने मधात शिजवलेल्या गव्हाचा वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवला. मध आदामनेच मागच्या शरदात उतरवलेला. बरणीच्या तळाशी चार बोटं उरला होता, तो तिने खरवडून खरवडून काढला आणि बरणी धुऊन उपडी घातली. नवऱ्याच्या हातचं या घरातलं शेवटचं काहीतरी संपलं, हे तिला बरणी उपडी घातल्यावर कळलं.

आदामच्या जागेवर दारूचा पेला होता आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. पलीकडे तिचा सासरा, म्हातारा प्राकोप पाशूक, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता. समोर नणंद मात्रुना, शेजारच्या गावात दिलेली. तिच्याजवळ धाकटा दीर लावोन, सकाळच्या बसने शहरातून आलेला. आपल्या चकचकीत बुटांना अंगणातला चिखल लागू नये म्हणून त्याने मारलेल्या उड्या सगळ्यांनी खिडकीतून पाहिल्या होत्या. आणि अगदी दाराशी, तिपाईवर, सावेली ह्रिन्या. सोयरा म्हणून त्याची जागा खरं तर प्राकोपच्या उजव्या हाताला. नऊ वर्षं तो तिथेच बसत आला होता. आज त्याला कुणी पुढे ये म्हटलं नाही आणि तोही आपण होऊन गेला नाही.

ही सोयरीक लेकराबाळांच्या लग्नाची नव्हती, मोहोळाची होती. नऊ वर्षांपूर्वी सावेलीच्या झाडावरून उठलेला थवा नदी ओलांडून आला आणि पाशूकांच्या पाइनाच्या ढोलीत बसला. माश्या विकायच्या नसतात, विकत घ्यायच्या नसतात आणि मागून परतही न्यायच्या नसतात. ज्यांच्या माश्या एक झाल्या ते सोयरे. सख्ख्या भावाशी वाजलं तर गाव दोन दिवस हसतं आणि विसरतं. मोहोळसोयऱ्याशी वाजलं तर माश्याच उठून जातात. त्या पाइनाच्या बुंध्यावर पाशूकांची खूण होती, बगळ्याचा पाय, आणि तिच्या खाली सावेलीच्या दोन आडव्या रेघा. आदाम पडला तो त्याच झाडावरून.

“मी म्हणते,” मात्रुनाने चमचा खाली ठेवला, “चढायच्या दोराचं खालचं टोक कुणाच्या हातात होतं?”

“आधी जेव,” प्राकोप म्हणाला.

“घास उतरला तर जेवते ना. चाळीस दिवस तोंड शिवून बसले बाबा. आज माझ्या भावाचा जीव हे घर सोडून जाणार. त्याच्या देखत विचारते. टोक कुणाच्या हातात होतं?”

“माझ्या,” दाराशी बसलेला सावेली म्हणाला. “तुला ठाऊक आहे, माझ्या. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काय? खालचं टोक माझ्या हातातच राहिलं, मात्रुना. वर तुटला.”

“तुटला म्हणे! ऐकलंत बाबा? तुम्ही विणलेला दोर तुटला म्हणे.”

प्राकोपने आवाज चढवला नाही. “तो दोर तुटणारा नव्हता,” एवढंच तो म्हणाला, पण इतक्या खात्रीने म्हणाला, की पाव कापणाऱ्या उस्तीन्याची सुरी थांबली.

“ताई, पोलिसांनी लिहून दिलंय ना अपघात म्हणून,” लावोन मध्ये पडला.

“तू गप रे. तुला पाइन आणि विजेचा खांब यातला फरक तरी कळतो का अजून? पोलिसांना काय, लिहायला कागद दिला की लिहितात. मी सांगते काय झालं ते. तो भिंतीवरचा कागद आला ना, पाशूकांच्या नावाचा, तेव्हापासून काही जणांच्या पोटात दुखतंय.”

सगळ्यांनी नको नको म्हणत भिंतीकडे पाहिलंच. देवाच्या तसबिरीखाली, भरतकामाच्या पांढऱ्या पट्टीशेजारी, काचेच्या चौकटीत संग्रहालयाने दिलेलं मानपत्र होतं. ‘जिवंत परंपरेचे रक्षक, प्राकोप पाशूक.’ खाली मोठा गोल शिक्का. त्याच्याच खाली खुंटीवर नवा दोर गुंडाळून लावला होता, अजून पिवळसर, वाखाचा वास न गेलेला. मुलगा पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हातारा तो विणायला बसला होता आणि परवा उठला.

“कागदासाठी?” सावेली उठून उभा राहिला. “अगं पोरी, आदामला पोहायला मी शिकवलं. कागदासाठी मी त्याचा दोर कापीन?”

“कापला हा शब्द तुमच्याच तोंडून आला हं, माझ्या नाही.”

“पुरे,” प्राकोप म्हणाला. “जे काय व्हायचं ते झाडापाशी होईल. मालक गेल्याचं मोहोळाला अजून कुणी सांगितलेलं नाही. उस्तीन्या, दोर काढ. लावोनच्या हातात दे.”

म्हातारा विणायला बसल्यापासून उस्तीन्याने त्या दोराकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. आता तिला तो खुंटीवरून काढावा लागला. भेंडोळं जड होतं. दाराशी उभ्या लावोनपर्यंत चार पावलं, तेवढ्यात तिच्या तळव्याला ते लागलं. एक पेड वरच्यावर आडवा पडलेला, वीतभर, दुसऱ्या कुठल्याच पेडात न गुंतता. तिने अंगठा सरकवला. सात-आठ हातांवर आणखी एक. सहापैकी पाचच पेडांवर माणसाचं वजन येणार, आणि जिथे दोर खोडाभोवती घासतो नेमका तिथे.

“वहिनी, द्या ना,” लावोन म्हणाला.

तिने दिला.

मग भांडी आवरायचं निमित्त करून ती आतल्या खोलीत गेली, पेटी उघडली आणि कपड्यांच्या तळाशी ठेवलेला हातभर जुना दोर काढून एप्रनच्या खिशात कोंबला. पोलिसांनी परत दिलेला, तुटलेल्या जागेचा तुकडा. त्याचं काय करणार हे तिलाही माहीत नव्हतं. पाच पेडांचे तुटून केस झालेले आणि सहावा, विणीत न गुंतलेला, सुटून लोंबत, कुठेही न झिजलेला. पोलिसाला त्यातलं काय कळणार? सावेलीला कळलं असतं, पण त्याने तो हातात घ्यायला मागितला तेव्हा मात्रुनाने त्याला अंगणातूनच पिटाळलं होतं.

हे चार हिवाळ्यांपूर्वी सुरू झालं होतं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात घरातल्या मोठ्याने दोर विणायचा आणि एप्रिलमधल्या देवमातेच्या सणाला झाडावर चढणाऱ्याच्या हाती द्यायचा, ही पाशूकांची चाल. गावातल्या इतर घरांत नवा दोर तुळईला टांगून तीन-तीन माणसं त्याला लोंबकळतात, वर पोरंटोरंही लटकतात आणि हसतात. पाशूकांच्या घरात तसं करणं म्हणजे वडिलांच्या तोंडावर ‘तुमचं आता संपलं’ असं सांगणं. दोर दोन्ही हातांनी घ्यायचा, ओठांना लावायचा आणि खांद्यावर टाकायचा. इथे दोर तपासत नाहीत.

त्या हिवाळ्यात बटाटे सोलता सोलता उस्तीन्याच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याचा पेड चुकतोय. डोळे तर कधीचेच गेले होते. ‘माझी बोटं बघतात’ म्हणायचा. आता बोटंही बघेनाशी झाली होती. तिचे वडील नदीवरच्या होड्यांचे दोर वळायचे, तिला दुरून कळलं. आदामला सांगितलं असतं तर आदामला बापाला सांगावं लागलं असतं, आणि म्हाताऱ्याजवळ त्या दोराशिवाय उरलं काय होतं? बायको गेलेली, दात गेलेले, जंगलात एकट्याने जायची सोय नाही. म्हणून दुपारी तो विटांच्या मोठ्या चुलीवरच्या उबदार फळीवर घोरू लागला, की ती त्या दिवशी विणलेलं सगळं उसवायची आणि पुन्हा विणायची. असे तीन उपास. तिसऱ्या वर्षी आदाम तिला म्हणाला होता, “बाबांचा हात म्हातारपणी उलट सुधारतोय बघ.” ती खाली मान घालून हसली होती. इतकं सुख तिला पुष्कळ होतं.

आणि मग यंदाच्या उपासात संग्रहालयाची माणसं आली. कॅमेरा आला, दिवे आले, चष्मा लावलेली एक गोड बोलणारी मुलगी आली. गेल्या वर्षीचा दोर त्यांनी काचेच्या कपाटासाठी मागून घेतला. त्या मुलीने तो बोटांनी चाचपला आणि ती म्हणाली, “एकही पेड चुकलेला नाही हो! या वयात!” मग तिने उस्तीन्याकडे वळून सहज विचारलं, “तुम्हीही विणता का?”

उस्तीन्याने तोंड उघडायच्या आत म्हातारा कॅमेऱ्यासमोर हसला होता. “ही? हिच्या हातून या घरात काय उभं राहिलंय? पंचवीस वर्षांत एक पाळणा हलला नाही.”

शहरातली माणसं हसली नाहीत. आदामने जमिनीकडे पाहिलं, आणि तेही तिला लागलं. त्या दुपारी म्हातारा घोरू लागला तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. आदाम दोर घेईल तेव्हा त्याच्या हाताला लागेलच, म्हाताऱ्याची जरा जिरेल, एवढाच तिचा विचार होता. सणाच्या दिवशी आदामने दोर दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला आणि खांद्यावर टाकला. तीन वर्षं चांगला दोर मिळालेल्या माणसाने तो चाचपावा तरी का? ती चुलीशी उभी होती. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ती तिकडे वळली. नंतर तिने स्वतःला समजावलं, की झाडावर चढायला अजून महिना आहे, त्याआधी एखाद्या दुपारी बसून दुरुस्त करू. पण यंदा ऊन पंधरा दिवस आधीच तापलं. आदाम दोर बरोबर घेऊन, सावेलीला हाक मारून, ढोली साफ करायला शेतावरूनच परस्पर गेला.

जंगलात जाताना ती मुद्दाम लावोनच्या बरोबरीने चालली. पुढे मात्रुना बापाचा हात धरून. सर्वांत मागे, वीस पावलं सोडून, सावेली. डासांनी जीव नकोसा केला होता.

“भाऊजी, आज वारा आहे.”

“असू दे.”

“तुम्ही बारा वर्षांत चढला नाहीत. कशाला आजच?”

“तुम्हाला काय वाटतं वहिनी, मला हौस आहे?” लावोन हळू आवाजात म्हणाला. “रात्रभर झोप नाही. बायको म्हणाली जाऊ नका. पण बाबांना बघितलंत ना? एकदा वर जातो, मोहोळाला सांगतो, दादाच्या खुणेशेजारी माझी खाच पाडतो, आणि त्यांना समाधानाने मरू देतो. पुढचं पुढे.”

“मग निदान दोर ओढून बघा जरा. ती फांदी आहे बघा, तिला टाकून.”

तो थांबला. “बाबांसमोर? दादाने कधी बघितला होता?”

“नाही.”

“मग?” तो पुन्हा चालू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा पडल्यावर काही बोलला का हो?”

“नाही. आणला तेव्हा गेलेलाच होता.”

आत्ताच सांग, ती स्वतःला म्हणत होती, याला एकट्याला सांग, म्हणजे तो पाय मुरगळल्याचं निमित्त करील आणि सगळं झाकलं जाईल. पण झाकलं गेलं तर सावेलीवरचा आळ तसाच राहणार, आणि पुढच्या उपासात म्हातारा पुन्हा विणायला बसणार. जिवाची इतकी तगमग तिला नवऱ्याला मूठमाती देतानाही झाली नव्हती, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

पाइनापाशी पोचल्यावर प्राकोप सोडून सगळ्यांनी वर पाहिलं. पाच पुरुष उंचीवर ढोलीची फळी दिसत होती आणि तिच्यासमोर माश्यांची ये-जा चालू होती. मालक जाऊन चाळीस दिवस झाले तरी काम तसंच चाललं होतं. लावोनने बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले, पँट गुडघ्यापर्यंत वळली. शहरात राहून त्याचे पाय पांढरेफटक पडले होते.

प्राकोपने बुंध्यावर हात फिरवला. बगळ्याचा पाय सापडला, त्याच्या बाजूची स्वतःची खाच सापडली, आदामची सापडली. मग हात खाली गेला आणि दोन आडव्या रेघांवर थांबला.

“लावोन, आधी ही खूण काढ.”

सावेलीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“प्राकोप, नऊ वर्षं झाली.”

“म्हणूनच मी माझ्या हाताने कुऱ्हाड मारत नाही.”

“तुला खरंच वाटतं मी कापला?”

“मला काय वाटतं ते सोड. दोर चांगला होता. माझ्या नावाइतकं ठाऊक आहे मला. आता चांगला दोर कसा तुटतो ते तू सांग, मी ऐकतो.”

सावेलीला सांगता येईना. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखा टोपी पिळत होता.

“बघा, आहे उत्तर?” मात्रुना म्हणाली. “काढ रे लावोन.”

“आधी वर जाऊन येतो,” लावोन म्हणाला. कुऱ्हाड कमरेला खोचून त्याने बापाकडे पाहायचं टाळलं. “खुणेचं मग बघू. आधी मोहोळाला सांगतो.”

त्याने दोराचा फास खोडाभोवती टाकला, दुसरा त्याच्यावर, आणि पाय घालून चढला. बारा वर्षांनीही अंगाला सवय होती. तो हातभर वर गेला, मग आणखी हातभर. तिसरा फास टाकताना दोर ताणला गेला आणि उस्तीन्याला तो आडवा पडलेला पेड दिसला, उन्हात, तिच्या डोळ्यांसमोर.

तिने त्याचा उघडा घोटा धरला.

“भाऊजी, उतरा.”

“वहिनी, सोडा. पडेन मी.”

“पडालच. उतरा म्हणते ना! दोर वाईट आहे.”

“काय बोलतेस?” मात्रुना ओरडली. “बाबांच्या तोंडावर?”

“हा वाईट आहे. आणि तोही वाईट होता. सावेलीकाकांनी काही केलं नाही.” उस्तीन्याने खिशातला तुकडा काढला, म्हाताऱ्याची मूठ उघडली आणि तिच्यात ठेवला. “मामंजी, बघा. तुम्हीच बघा.”

लावोन उतरला होता. म्हाताऱ्याची बोटं तुकड्यावर फिरली, थांबली, मागे आली. पाच पेडांचे केस आणि एक साबूत. त्याने तो साबूत पेड बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तुमचा पेड चुकतो, मामंजी,” उस्तीन्या म्हणाली. “चार वर्षांपासून चुकतो. मी दुपारी उसवून पुन्हा विणायचे. तुम्ही झोपलात की. तीन वर्षं विणला. यंदा…”

प्राकोपने मान वर केली. “यंदा का नाही?” त्याने विचारलं.

मात्रुना काहीतरी बोलायला निघाली होती, ती तशीच थांबली. लावोनने बापाकडे पाहिलं. तू काय केलंस, असं म्हाताऱ्याने विचारलं नव्हतं. खरं का, असंही विचारलं नव्हतं. उस्तीन्याने झाडाला हात टेकला. याला माहीत होतं. पहिल्यापासून.

“यंदा का नाही, उस्तीन्या?”

“तुम्ही कॅमेऱ्यासमोर हसलात म्हणून.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच.”

“बाई गं!” मात्रुनाने दोन्ही हात डोक्याला लावले. “म्हणजे तू मारलंस माझ्या भावाला. एका बोलण्याच्या रागासाठी! आणि चाळीस दिवस आमच्या पुढ्यात पाव कापत बसलीस?”

“हो, वन्सं.”

“हो म्हणते! लाज नाही वाटत?”

“वाटते. म्हणून तर चाळीस दिवस गेले.”

मात्रुना तिच्या अंगावर धावून आली असती, पण लावोनने बहिणीला दंडाला धरून मागे ओढलं. सावेली पुढे आला होता. त्याने म्हाताऱ्याच्या हातातला तुकडा काढून घेतला, डोळ्यांजवळ धरून पाहिला, आणि परत दिला.

“तुला ठाऊक होतं,” तो प्राकोपला म्हणाला.

“पहिल्याच वर्षी. सकाळी टोक हातात घेतलं तर पेड डावीकडून घातलेला. होडीवाल्यांची सवय. या घरात दुसरं कोण आहे होडीवाल्यांचं?”

“मग बोलला नाहीस?”

“काय बोलणार? की पाशूकांचा दोर सून विणते?” म्हातारा खाली बसला, सरळ पाइनाच्या गळलेल्या, सुयांसारख्या पानांवर. “बरं वाटायचं रे सावेली. मी वाईट विणून झोपायचो आणि उठून बघावं तर चांगला झालेला. दुसऱ्या वर्षापासून मी बोट फिरवणंच सोडलं. टोक धरायचं आणि पुढे विणायचं.”

“आणि त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर?”

“ती मुलगी नेमकं तेच विचारत होती. मला वाटलं, ही आता सांगेल. घाबरलो. तोंडात जे पहिलं आलं ते बोललो.”

“मग आदामच्या हाती देण्याआधी एकदा तपासायचा होतास,” सावेली म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता राग होता, आणि तो हक्काचा होता. “एकदा तरी, प्राकोप! तुळईला टांगून बघायचा होतास.”

“तिचा दोर मी कधीच तपासला नाही,” म्हातारा म्हणाला. “मोठ्याचा दोर तपासायचा नसतो.”

उस्तीन्याने एप्रनचं टोक तोंडात कोंबलं. पंचवीस वर्षं मानाच्या ज्या एका शब्दाची वाट पाहिली तो आज मिळाला होता, आणि तो मिळण्याची किंमत दफनभूमीच्या मातीत पुरलेली होती. ती मोठ्याने रडली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. कोणीही तिच्याजवळ गेलं नाही.

तिचं रडणं ओसरल्यावर प्राकोप म्हणाला, “सावेली, तुझा दोर कुठाय?”

“घरी.”

“कुणी विणलाय?”

“मी. आणि तिन्ही मुलांनी तुळईला लोंबकळून बघितलाय. आमच्याकडे दरवर्षी बघतात.”

“घेऊन ये. मोहोळाला सोयऱ्याने सांगितलं तरी चालतं.”

सावेली हलला नाही. “मघाशी तू माझी खूण काढायला निघाला होतास.”

“हो.”

“माफी मागायची पद्धत तुमच्या घरात आहे की तीही नसते?”

म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे जमिनीला टेकवले आणि कपाळ सुयांना लावलं. लावोनने तोंड फिरवलं. सावेलीने टोपी डोक्यावर घातली आणि वाट धरली.

तो येईपर्यंत तास गेला. मात्रुना दूर एका ओंडक्यावर पाठ करून बसली. लावोनने बूट घातले. नवा दोर खोडाखाली पडला होता, त्याला कुणी हात लावला नाही. उस्तीन्या म्हाताऱ्यापासून चार हातांवर बसली होती. उद्या आपण त्या घरात असू की नसू, हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायला तोंडही नव्हतं.

सावेली आला. जुना, मेण चोळून काळा पडलेला दोर त्याने खोडाभोवती टाकला आणि सगळ्यांदेखत तो त्याला दोनदा पूर्ण वजनाने लोंबकळला.

“काय सांगू?”

“आदाम गेला म्हणून सांग.”

“नवा मालक कोण?”

प्राकोपने लावोनच्या दिशेने तोंड वळवलं. लावोन एक पाऊल मागे सरला. कुऱ्हाड त्याने कमरेतून काढून कधीच खाली ठेवली होती.

“मालक अजून नाही, सांग,” म्हातारा म्हणाला.

“आणि कशाने गेला म्हणून सांगू?”

“मोहोळाशी खोटं बोलू नकोस. आम्हा दोघांची नावं सांग.”

सावेली हळूहळू वर गेला. त्या वयातही त्याचा पाय एकदाही घसरला नाही. ढोलीपाशी पोचल्यावर त्याने बोटाच्या पेराने तीनदा फळी वाजवली. माश्यांचा आवाज क्षणभर चढला आणि खाली आला. वाऱ्यामुळे त्याचं सगळं बोलणं खाली येत नव्हतं. उस्तीन्या मान वर करून उभी होती. तिला आधी आदामचं नाव ऐकू आलं, मग प्राकोपचं, आणि मग स्पष्टपणे, तिचं.